तळ न शिवलेली पिशवी

आइस क्लाइंबिंगच्या सामानासाठी घरी पिशवी शिवायला बसणाऱ्याचा पहिला विचार टोकांचा असतो. साहजिकच आहे. बुटाला बांधायच्या क्रॅम्पॉनच्या एका पायाला बारा म्हणजे जोडीला चोवीस टोकं, बर्फात फिरवून बसवायच्या पोकळ नळीच्या आइस स्क्रूच्या तोंडाशी धारदार दाते, आइस अ‍ॅक्सला पुढे पिक, मागे अ‍ॅड्झ किंवा हातोडी आणि खाली अणकुचीदार दांडा. हे सगळं सॅकमध्ये मोकळं टाकलं तर डाउन जॅकेटपासून दोरापर्यंत कशालाही भोक पडू शकतं. म्हणून जाड कापड, आत फोमचं अस्तर, चारही बाजूंनी बंद आणि वर भक्कम चेन असा बेत ठरतो. मी ओळखीच्या गिर्यारोहकांसाठी अशा पिशव्या शिवते, आणि हा बेत मुळातच उलटा आहे असं माझं मत आहे; निदान महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी तरी. टोकांनी फाटलेलं कापड दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरतात. ओल धरून ठेवणाऱ्या पिशवीत गंजलेली धार मात्र कानस मारून, धातू गमावूनच परत मिळते. पिशवी शिवताना आधी पाणी बाहेर कसं पडेल ते ठरवावं, टोकांचा बंदोबस्त त्यानंतर.

या पिशव्यांचे जे नमुने सगळीकडे पाहायला मिळतात ते जिथे हा खेळ रुजला त्या देशांतले आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ऊरे गावाजवळच्या अनकंपाग्रे घळीत कड्यावरून पाणी फवारून बर्फ गोठवतात आणि साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत लोक त्यावर चढतात. कॅनडातलं कॅनमोर, नॉर्वेतलं र्युकान, इटलीतलं कोन्ये इथेही हिवाळाभर दर शनिवार-रविवारी सामान बाहेर पडतं. म्हणजे तिथली पिशवी ही प्रवासाची पिशवी असते. पाच-सहा दिवसांपलीकडे सामान तिच्यात पडून राहत नाही. शिवाय कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या हवेत मुळातच पाण्याची वाफ फार कमी असते. तीच हवा घरात आणून तापवली की इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. अशा घरात भिजलेली बंद पिशवी कोपऱ्यात फेकली तरी बऱ्यापैकी वाळते. आपल्याकडचं चित्र नेमकं उलट आहे. सह्याद्रीत बर्फ नाही. पुण्या-मुंबईची मुलं उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटला किंवा मनालीला कोर्स करतात, पुढे मोहिमांवर जातात, आणि स्वतःचं सामान घेतात ते वर्षाकाठी काही आठवडे वापरण्यासाठी. उरलेला काळ ते माळ्यावर. त्यातही मोहिमांचा एक मोठा हंगाम मे-जूनचा. हिमालयातून सामान घरी पोचतं आणि पाठोपाठ मृगाचा पाऊस येतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल, चामड्याच्या चपलांवर बुरशी. मुंबई-कोकणात तर हवेत मीठही. जानेवारी-फेब्रुवारीत स्पितीला किंवा लडाखला गोठलेल्या धबधब्यांवर जाणारे त्यातल्या त्यात सुखी, कारण परत आल्यावर त्यांच्या सामानाला उन्हाळा मिळतो. आपल्याकडची पिशवी म्हणजे चार महिने पावसाळा काढायची कोठी आहे, आणि परदेशी नमुन्याची हुबेहूब नक्कल करताना हेच सुटतं.

आता धातूकडे पाहू. बहुतेक आइस स्क्रू आणि कित्येक क्रॅम्पॉन क्रोमोली पोलादाचे असतात. त्यात क्रोमियमचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. पोलाद स्टेनलेस म्हणवून घ्यायला ते किमान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे क्रोमोली कठीण आहे, चिवट आहे, पण गंजाच्या बाबतीत साध्या लोखंडापेक्षा फारसं वेगळं नाही. त्यावर मुलामा किंवा रंग असतो, पण तो नेमका दात्यांच्या धारेवर आणि टोकांवर टिकत नाही, कारण तीच जागा बर्फात आणि कधीकधी खडकावर घासली जाते. उघडं पडलेलं पोलाद साठ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत झपाट्याने गंजू लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात तो आकडा आठवडेच्या आठवडे ओलांडलेला असतो. एवढ्याशा गंजाने काय होतं, असं विचारणारे भेटतात. नळीच्या अंगावर आला तर फार काही होत नाही, हे मान्य. पण स्क्रूचा दाता म्हणजे कागदासारखी पातळ कड, आणि गंज पहिली तीच खातो. स्क्रूची सगळी करामत सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत असते. एक हात आइस अ‍ॅक्सवर, पोटऱ्या थरथरतायत, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू बर्फाला टेकवून फिरवायचा. दाते तीक्ष्ण असतील तर तो लगेच पकड घेतो. बोथट असतील तर बर्फावर नुसताच घसरत राहतो, आणि चढणाऱ्याची ताकद तिथेच संपते. नळीच्या आतल्या बाजूचंही तसंच. स्क्रू आत जाताना बर्फाचा गाभा नळीत शिरतो, आणि आतली भिंत गुळगुळीत असेल तरच तो पुढच्या वेळी सहज निघतो. गंजाने खरखरीत झालेल्या नळीत तो अडकून बसतो आणि स्क्रू निकामी होतो. टायटॅनियमच्या रशियन स्क्रूंना गंजाची भीती नाही, पण त्यांची धार लवकर जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला पोलादी तोंड असलेले हलके स्क्रू मिळतात; तिथे ओल आणि मीठ दोन्ही असलं तर दोन धातूंच्या सांध्यापाशी अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. स्टेनलेसचे क्रॅम्पॉन काही कंपन्या बनवतात. ते ज्याच्याकडे असतील त्याने हा लेख अर्धाच वाचला तरी चालेल.

बंद पिशवीचं खरं नुकसान घरी पोचण्याआधीच सुरू होतं. शेवटच्या दिवशी ग्लेशियरवरून उतरताना स्क्रूच्या नळ्यांत बर्फ असतो, क्रॅम्पॉनच्या खालच्या प्लेटमध्ये बर्फ असतो, पट्ट्या भिजलेल्या असतात. ते तसंच पिशवीत जातं. मग रोडहेड, जीप, डेहराडून, रेल्वे असे दोन-तीन दिवस. बर्फ वितळतो, पाणी पिशवीतच राहतं, फोम ते पिऊन घेतो आणि बाहेर उत्तर भारतातला मे महिना. लोखंड गंजवायचंच असं मनात आणलं तरी याहून चांगली सोय करता येणार नाही. यावर फोटोग्राफर मंडळी एक चांगला आक्षेप घेतात. थंडीतून उबदार खोलीत येताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवायचा, नाहीतर गार काचेवर आणि धातूवर बाष्प धरतं, हा त्यांचा नियम. मग स्क्रूला तोच का लागू नाही? नियम बरोबर आहे, पण तो मुळात कोरड्या असलेल्या वस्तूचा आहे. कॅमेऱ्यात आधीपासून पाणी नसतं, बाहेरचं येऊ द्यायचं नसतं. स्क्रूमध्ये ते बर्फाच्या रूपाने आधीच भरलेलं असतं. त्याला बाहेर जायला वाट हवी, आणि बाहेरून धरणारं चार थेंब बाष्प त्या मानाने किरकोळ आहे.

म्हणून स्क्रूंच्या रोलला मी तळ शिवत नाही. हा रोल म्हणजे एक मागचं कापड, त्यावर पुढची पट्टी, तिच्यावर उभ्या टिपा मारून केलेले कप्पे आणि वरून झाकणारं पान. लोक कप्पे आखतात ते नळी मोजून. नळीचा व्यास आटे धरून सुमारे दोन सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण त्रेसष्ट मिलिमीटर. कप्पा सपाट ठेवून मोजला तर बत्तीस मिलिमीटरमध्ये ती जेमतेम मावते. हातमोज्याच्या हाताने काढता-घालता यावी म्हणून चाळीस धरावेत. पण दर चाळीस मिलिमीटरवर टीप मारत गेलं की भरताना कळतं, की नळ्या बसल्या तरी डोक्याकडचे हँगर, म्हणजे दोर अडकवायचे कान, एकमेकांवर चढतायत, कारण हँगर आणि तो फिरवायची मूठ नळीपेक्षा बरीच रुंद असते. कप्पे रुंद केले तर रोल लांबच लांब होतो आणि आखूड स्क्रू आत कलंडतात. यावर सोपा उपाय आहे. कप्प्यांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत. एक आड एक वर-खाली बेतायची. एकोणीस-बावीस सेंटिमीटरच्या लांब स्क्रूंना वरचं तोंड, दहा-तेराच्या आखूड स्क्रूंना खालचं. हँगर दोन पातळ्यांवर जातात, एकमेकांना लागत नाहीत, आणि खालची कड आपोआप सरळ येते. प्रत्येक कप्पा नळीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त लांब. स्क्रू तोंडाशी हँगरवर टेकून लटकतो, दाते तळाला लागत नाहीत, मुळात तळच नसतो, आणि आडवेतिडवे बोट लागावं इतके ते बाहेरही येत नाहीत. स्क्रूची नळी दोन्ही बाजूंना उघडी असल्याने रोल खिळ्याला टांगला की आतलं पाणी सरळ खाली गळतं आणि हवा नळीतून आरपार जाते. तळ बंद असता तर तेच पाणी नेमकं दात्यांभोवती साचलं असतं, आणि खाली फोम असता तर दाते दिवसचे दिवस ओल्या फोममध्ये रुतून बसले असते. बाजारातले काही रोल अगदी असेच असतात, तळाशी मऊ गादी घालून, आणि विकत घेणाऱ्याला ती गादी म्हणजे काळजीची खूण वाटते.

तळ नसला तर तोंडावर सगळा भार येतो, त्यामुळे तिथे कसर करून चालत नाही. तोंडाची कड आत दुमडून वरून नायलॉनची पट्टी शिवायची, कारण स्क्रू आत सोडताना दाते आधी याच कडेला खरवडतात. कप्प्यांच्या उभ्या टिपा दुहेरी, तीन मिलिमीटर अंतराने; आट्यांनी एक टीप कापली गेली तरी दुसरी धरून ठेवते. दोन्ही टोकांना टीप पुढे-मागे फिरवून पक्की करायची. दोरा पॉलिस्टरचा, कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा, म्हणजे टाका तुटला तर लांबून दिसतो. सुती दोरा ओलीत कुजतो आणि कुजलेला दिसतही नाही. घरच्या साध्या मशीनवर सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावली तर दोन पदर कॉर्ड्युरा नायलॉन आणि एक पदर पट्टी जाते. त्यापुढे मशीनशी भांडण्यात अर्थ नाही, तेवढा टाका हाताने चाक फिरवून घ्यावा. कापडाच्या बाबतीत मात्र मी फार काटेकोर आहे. दप्तरांच्या बाजारात मिळणारं बहुतेक जाड नायलॉन आतून लेप दिलेलं असतं. तो लेप पाणी अडवतो म्हणून लोक तेच मागतात. पण आपल्याला पाणी आत येण्याची धास्ती नाही, ते बाहेर जायला हवं आहे. त्यात पॉलियुरेथेनचा लेप उष्ण दमट हवेत काही वर्षांनी विरघळल्यासारखा चिकट होतो आणि त्याला आंबट वास सुटतो. मुंबईत माळ्यावर ठेवलेला जुना तंबू ज्याने उघडला आहे त्याला हे सांगायला नको. लेप नसलेलं पाचशे डेनियरचं नायलॉन मिळालं तर उत्तम. कॅनव्हास मला आवडतो, शिवायला गोड आहे, पण तो ओल धरून ठेवतो, म्हणून बाद. जाळी ऐकायला सर्वांत योग्य वाटते, पण स्क्रूच्या कप्प्यात ती निरुपयोगी, कारण प्रत्येक दाता एकेका भोकात अडकतो. जाळीची जागा क्रॅम्पॉनच्या पिशवीत, तीही फक्त बाजूंना.

वरच्या पानाला वेल्क्रो लावू नये. बर्फ भरला की तो धरत नाही आणि लोकरीच्या हातमोज्यांचे धागे ओढतो. चेनचे दातेही गोठतात. एक आडवी पट्टी आणि प्लास्टिकचं मोठं बकल पुरतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप प्रवासाचा आहे. विमानात हे सामान केबिनमध्ये नेता येत नाही, ते खालच्या सामानात जातं, तिथे बॅगा आपटतात. रेल्वेत बर्थखाली सॅक कोंबली जाते. तळ नसलेला रोल आणि जाळीची पिशवी तिथे कशी टिकणार? आक्षेप रास्त आहे, फक्त त्यात दोन कामं एकाच पिशवीवर लादली जातात. प्रवास तीन दिवसांचा आणि साठवण अकरा महिन्यांची. तीन दिवसांसाठी जो जाडपणा हवा तो काढता येण्याजोगा असावा. क्रॅम्पॉनच्या पिशवीचा तळ मी पीव्हीसी ताडपत्रीचा दुपदरी करते आणि त्याला चार आयलेट मारते, बाजू जाळीच्या ठेवते. प्रवासापुरती टोकांवर ट्रकच्या जुन्या ट्यूबची सुटी पट्टी गुंडाळायची आणि घरी आल्यावर काढून टाकायची. परदेशात अग्निशमनाचा जुना पाइप कापून त्यात टोकं बसवतात. कल्पना छान आहे, टोक आरपार जाणं जवळजवळ अशक्य. पण त्याला आतून रबराचा थर असतो, आत ओल कोंडते, म्हणून तोही तात्पुरताच. स्क्रूंचा रोल प्रवासात गुंडाळून जाड कापडाच्या साध्या थैलीत घालावा. ताडपत्री शिवताना टाका लांब ठेवावा, चार मिलिमीटरच्या आसपास. घट्ट बारीक टीप मजबूत वाटते, पण ताडपत्रीत सुईचं भोक बुजत नाही, आणि भोकं जवळजवळ आली की त्याच रेषेत ती फाटते. त्याच कारणाने टाचण्याही लावू नयेत, चिमटे लावावेत. मशीनचा पाय ताडपत्रीला चिकटून बसतो; वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारली आणि मग कागद फाडून काढला की काम भागतं.

सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झालं, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर अर्धं होकाराचं आहे. सामान आधी खडखडीत वाळवलं, तेलाचा हलका हात दिला, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवलं आणि आत ताजी सिलिका ठेवली, तर पावसाळा उत्तम निघतो. यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही. फक्त डबा हवाबंद हवा. चेनची कापडी पिशवी कितीही जाड असली तरी हवाबंद नसते. तिच्यातली सिलिका बाहेरची दमट हवा ओढत राहते, जूनच्या पहिल्या काही दिवसांतच भरून जाते आणि पुढे तिचा उपयोग शून्य. म्हणजे एक तर पूर्ण बंद, नाहीतर पूर्ण उघडं. बंद असल्यासारखी दिसणारी मधली अवस्था सर्वांत वाईट, आणि शिवलेली जवळपास प्रत्येक बंद पिशवी त्याच अवस्थेत असते. उघड्यावर धूळ बसते आणि धूळ ओल धरते, हेही खरं. त्यासाठी वरून जुनं धुतलेलं सुती धोतर सैल टाकावं. आपल्या घरांतून पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवायची रीत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, त्यामागचं कारण हेच. तेलाबद्दल एक सांगायला हवं: दात्यांना आणि नळीच्या आत लावायला हरकत नाही, पण तो रोल मग स्लिंग, म्हणजे भार सोसणाऱ्या शिवलेल्या पट्ट्या, आणि दोर यांपासून दूर ठेवावा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार का घेऊ नये? पैशाचं गणित मी मांडणार नाही, कारण कापड, पट्टी, बकल आणि खर्ची पडलेला रविवार धरला तर घरचं फार स्वस्त पडत नाही. तयार पिशव्या वाईट असतात असंही नाही. पण त्या आपल्या हवेसाठी बेतलेल्या नसतात, आणि ज्याच्याकडे तीन आखूड, पाच लांब आणि दोन जुने मित्राचे स्क्रू आहेत त्याच्या मापाच्या तर नसतातच. इथे धोका दुसराच आहे. रोल नीट जमला की हात शिवशिवतात, आणि माणूस म्हणतो, आता एक स्लिंगही शिवून पाहू. ते कदापि करू नये. प्रमाणित स्लिंगला बावीस किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण दोन हजार दोनशे किलोंच्या वजनाइतका ताण सोसावा लागतो, आणि त्याची शिवण ठरलेल्या दोऱ्याची, ठरलेल्या टाक्यांची, तपासलेली असते. घरच्या मशीनच्या टिपेला तो हक्क नाही. पिशवी घरी शिवावी याचं कारणच हे, की तिच्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो. टीप उसवली तर फार तर स्क्रू जमिनीवर पडेल.

आइस अ‍ॅक्ससाठी पिशवी शिवून मागणाऱ्यांना मी नाही म्हणते. लांब, वाकड्या दांड्याच्या दोन अ‍ॅक्स ज्यात मावतील ती पिशवी फार मोठी होते, आणि तिच्यात ठेवून साधायचं असं काही उरत नाही. भिंतीवर, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दोन लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि अ‍ॅक्स डोक्याने टांगाव्यात. पिकवरच्या रबरी टोप्या प्रवासाला छान, पण त्यांच्या आत साचलेलं पाणी दिसत नाही आणि गंज नेमका टोपीखाली, टोकाशी धरतो. म्हणून घरी आल्यावर टोप्या काढायच्या, आतून पुसून डब्यात टाकायच्या, आणि पुढच्या मोहिमेच्या आदल्या दिवशीच परत चढवायच्या.